कुणाकडेही जाणारं मूल: दत्तक बाळाचं पहिलं वर्ष आणि पुढचं

दत्तक मूल घरी आलं की नातेवाइकांकडून तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘किती शहाणं आहे, अजिबात रडत नाही.’ ‘कुणाकडेही जातं हो, लगेच माणसाळलं.’ ‘ताटात वाढलं ते सगळं संपवतं, खाण्याची कटकट नाही.’ ज्या मुलाने संस्थेत वर्ष-दोन वर्षं काढली आहेत त्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी कौतुक करून सोडून देण्यासारख्या नसतात, वहीत लिहून ठेवण्यासारख्या असतात. उलट तीन-चार महिन्यांनी तेच मूल तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराशी बसून टाहो फोडायला लागलं, तर घरातले म्हणतात ‘लाडावलं’. खरं तर तिथून गाडी रुळावर यायला लागलेली असते.

बाळ रडतं, कुणीतरी येतं, उचलतं, तोंडाकडे बघून बोलतं. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं आणि त्यातून मेंदू शिकतो की रडण्याला उत्तर मिळतं आणि ते ठरावीक माणसाकडून मिळतं. संस्थेतल्या मावशी कितीही मायाळू असल्या तरी एकीच्या वाट्याला अनेक बाळं असतात आणि पाळी बदलली की माणूस बदलतो. बाटली बाळाच्या हातात नाही, गुंडाळलेल्या टॉवेलला टेकवून दिलेली असते आणि बाळ छताकडे बघत दूध पितं. रडून कुणी येत नाही म्हटल्यावर ते रडणं बंद करतं. आपण त्यालाच शहाणपण म्हणतो.

याचा सगळ्यात नीट अभ्यास रुमानियातल्या मुलांवर झाला. 1989 च्या डिसेंबरात तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची भीषण अवस्था जगापुढे आली. त्यातली बरीच मुलं ब्रिटनमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतली आणि बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं पुढे ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखी वाढली. सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी अनेकांमध्ये चंचलता, लक्ष न लागणं, अनोळखी माणसाशी अतिसलगी, स्वमग्नतेसारखी काही लक्षणं तरुणपणापर्यंत टिकली. बुद्धीची पिछाडी मात्र बहुतेकांनी मोठेपणी भरून काढली, आणि या दुसऱ्या गटातही साधारण पाचातल्या एकाला कुठल्याच टप्प्यावर मोठी अडचण आली नाही. रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, 136 मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चिठ्ठी टाकावी तशी निम्मी मुलं संस्थेतून काढून सांभाळणाऱ्या कुटुंबांत (फॉस्टर केअर) पाठवली गेली. तिथे दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची जवळीक आणि भाषा जास्त सावरली. आपल्याकडच्या दत्तक संस्था म्हणजे त्या काळचा रुमानिया नव्हे, त्यामुळे हे आकडे आपल्या मुलावर जसेच्या तसे बसवू नयेत. त्यातून घ्यायचं ते इतकंच: काळ मोजा, आणि घरी आल्यावर वेळ घालवू नका.

होकार देण्याआधी फाइल वाचा

नाशिकमध्ये दत्तक म्हटलं की घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमाचं नाव आधी निघतं. पण नोंदणी आता ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते आणि मूल कुठल्याही जिल्ह्यातलं, कधी दुसऱ्या राज्यातलंही असू शकतं. मुलाची माहिती आल्यावर ते राखून ठेवायला 48 तास असतात, आणि संस्थेत जाऊन मूल बघून स्वीकारायला राखल्यापासून 30 दिवस. वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवण्याची नियमांत मुभा आहे. ती वापरा, आणि शक्य असेल तर मुलांच्या विकासाचं काम करणारे बालरोगतज्ज्ञ गाठा. ‘सर्व नॉर्मल’ या शेऱ्यावर समाधान मानू नका.

फाइलमधून काढायचं ते असं: जन्माचं वजन, किती आठवड्यांत जन्म, संस्थेत आलं तेव्हाचं वय आणि त्याआधी ते कुठे होतं, दर महिन्याच्या वजनाच्या आणि डोक्याच्या घेराच्या नोंदी, किती वेळा दवाखान्यात भरती. एकच आकडा काही सांगत नाही. लागोपाठचे पाच-सहा आकडे बालरोगतज्ज्ञांकडून वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या आणि रेघ वर जातेय, सपाट आहे की खाली वळतेय ते बघा. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत जितके आठवडे लवकर तितके वयातून वजा करूनच तुलना करायची. उंचीचा ढोबळ हिशेब असा की संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे साधारण एक महिन्याची वाढ मागे पडते. पंधरा महिन्यांचं मूल उंचीला दहा महिन्यांच्या मुलाएवढं दिसलं तर घाबरून जायचं कारण नाही. डोक्याचा घेर खूप मागे असेल आणि रेघही सपाट असेल तर मात्र होकाराआधी डॉक्टरांशी सविस्तर बोला.

टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेली असते. शाळेचं वय ठरवताना हे लक्षात ठेवा.

मूल आणायला जाल तेव्हा कागदांइतकंच महत्त्व मावशींशी बोलण्याला आहे. दूध कुठलं, किती पातळ, किती कोमट? उजेडात झोपतं की अंधारात, पालथं की कुशीवर? कोणत्या नावाने वळून बघतं? कुठली मावशी आवडते, ती काय गुणगुणते? जमलं तर तिच्या आवाजात ते गाणं मोबाइलवर घ्या. मुलाची वापरातली चादर न धुता मागून आणा आणि पहिले दोन आठवडे धुऊ नका, त्या वासावर मूल झोपतं. नाव बदलायचं असलं तरी जुनं नाव सहा महिने तरी लाडाचं नाव म्हणून चालू ठेवा. आणि ते ज्या भागातून आलंय तिथली भाषा विचारा. नंदुरबारकडचं मूल भिली ऐकत आलं असेल तर ‘दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही’ या वाक्याचा अर्थच बदलतो.

पहिले तीन महिने: चार कामं दोघांचीच

भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर जवळ घेणं, ही चार कामं पहिले तीन महिने फक्त आई-बाबांनी करायची. एकल पालक असाल तर तुम्ही आणि ठरवलेलं एकच माणूस. एकत्र कुटुंबात हे सगळ्यात अवघड जातं, कारण बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं हा आजीचा मान. आजीला काम द्या, पण दुसरं: स्वयंपाक, गोष्टी, बाळासमोर बसून खेळणं. ‘जरा कडेवर घेऊ का?’ म्हणणाऱ्या आत्या-काकांना ‘डॉक्टरांनी सध्या नको सांगितलंय’ हे उत्तर पुरतं. तत्त्व समजावत बसलात तर वाद होतात, डॉक्टरांचं नाव घेतलं की होत नाहीत. बारसं किंवा ओळखीचा समारंभ तीन महिन्यांनी करा, आणि तेव्हाही बाळ हातोहाती फिरवू नका.

मूल बाटलीवर असेल तर प्रत्येक फीड कुशीत घेऊनच, वय दीड-दोन वर्षं असलं तरी. सुरुवातीला ते नजर चुकवेल, अंग काठीसारखं ताठ करेल, बाटली हिसकावून स्वतः धरेल. धरू द्या, तुमचा एक हात मात्र बाटलीवर राहू द्या. हनुवटी वळवून डोळ्यांत बघायला लावू नका. ते बघेल तेव्हा हसा, नजर वळवेल तेव्हा थांबा. काही आठवड्यांत नजर टिकायला लागते.

स्पर्श सहन न होणारी मुलंही असतात. त्यांना पहिल्या दिवशी अंगभर मालीश नको. रोज पाच मिनिटं फक्त तळपाय, आठवडाभराने पोटऱ्या, मग हात, पाठ शेवटी. डोकं पाळण्यावर आपटणं किंवा बसल्या बसल्या झुलणं दिसलं तर ओरडू नका आणि हात धरून थांबवूही नका. रिकामेपणात मुलाने स्वतःसाठी शोधलेला तो उपाय आहे. त्याच लयीत तुम्ही मांडीवर झुलवा, झोळीत किंवा झोपाळ्यावर सोबत बसा. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. सहा महिन्यांनंतरही तितकंच असेल, किंवा मूल इजा करून घेत असेल, तर दाखवा.

झोप: पाच-दहा पाळण्यांच्या दालनातून आलेल्या मुलाला तुमची शांत, अंधारी खोली भीतीची वाटते. मंद दिवा, पंख्याचा आवाज आणि तुमच्याशेजारी गादी. वेगळ्या खोलीत झोपवायचा प्रयोग पहिल्या वर्षात नकोच.

खाणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन उलट अडचणी एकाच मुलात असतात: पोट भरल्याची जाणीव नसते आणि चावता येत नाही.

संस्थेत वेळ कमी म्हणून पातळ खिमट, दुधात भिजवलेलं बिस्किट, मऊ भात यांवर वाढ झालेली असते. दोन वर्षांच्या मुलाला पोळीचा तुकडा दिला की ते गालात धरून ठेवतं, अर्ध्या तासाने तसाच बाहेर काढतं, नाहीतर ठसका लागतो. जबड्याला सवय नसते, हट्ट नसतो. क्रम असा धरा: पहिले दोन आठवडे जे खात होतं तेच. मग घट्ट वरणभात, बोटाने कुस्करलेला, मिक्सरमधून नाही. मग मऊ धिरडं, उकडलेला बटाटा, केळ्याच्या चकत्या, हातात धरून खाता येईल असं. मग तुपात भिजवलेल्या पोळीचे लहान तुकडे. एका पायरीला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. उबळ येत राहिली तर एक पायरी मागे या. चार महिन्यांत पुढे सरकत नसेल, किंवा दूध-पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. गिळण्याचं कामही तेच बघतात.

नाशिकमध्ये एक सूचना वेगळी द्यावी लागते. द्राक्षांच्या हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि पाहुणे बाळाच्या हातात अख्खं द्राक्ष ठेवतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष नको, ते श्वासनलिकेत नेमकं अडकतं. उभे चार तुकडे करून द्या. चिवड्यातले अख्खे शेंगदाणेही नकोत, आणि भराभर गिळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर दुप्पट जपा.

दुसरी अडचण म्हणजे खा-खा. मूल उलटी होईपर्यंत खातं, दुसऱ्याच्या ताटातलं ओढतं, पोळी उशीखाली ठेवतं. ‘पुरे आता’ म्हणून डबा वर ठेवला की हे वाढतं, कारण भीती खरी ठरते. घड्याळाप्रमाणे दिवसातून सहा वेळा द्या, दोन खाण्यांत अडीच तासांहून जास्त अंतर नको. मुलाच्या हाताला येईल अशा जागी त्याचा स्वतःचा डबा ठेवा: लाह्या, राजगिऱ्याची वडी, मोठ्या मुलाला फळ. डबा कधीच रिकामा दिसता कामा नये. उशीखालची पोळी सापडली तर गाजावाजा न करता काढा आणि ‘भूक लागली की डबा इथे आहे’ एवढंच म्हणा. ताटात थोडं वाढा, मागितलं की पुन्हा वाढा. साठवणं हळूहळू, कधी वर्षभराने, बंद होतं.

कुणाकडेही जाणं

दोन-तीन वर्षांचं मूल भाजीवाल्याचा हात धरून चालू लागतं, डॉक्टरांच्या मांडीवर जाऊन बसतं, प्रत्येक बाईला ‘आई’ म्हणतं. हा धीटपणा नव्हे. आपलं कोण आणि परकं कोण, ही रेघ अजून आखली गेलेली नाही. रुमानियाच्या मुलांमध्ये जी लक्षणं सगळ्यात चिवट ठरली त्यांपैकी हे एक, त्यामुळे ‘मोठं झालं की जाईल’ यावर विसंबू नका.

परक्या माणसाने उचललं तर शांतपणे परत घ्या आणि म्हणा, ‘तुला उचलायला आई आहे.’ खाऊ, चॉकलेट बाहेरच्याने दिलं तर ते तुमच्या हातात येऊन मगच मुलाच्या हातात. नव्या जागी गेल्यावर पहिली दहा मिनिटं मांडीवर. तीन वर्षांपुढच्या मुलाला कोणाला मिठी, कोणाला हात, कोणाला लांबून नमस्कार, हे घरातल्यांचे फोटो घेऊन रोज खेळासारखं शिकवा. मूल पडलं आणि रडलंच नाही तरी धावत जा, फुंकर घाला, ‘लागलं ना?’ विचारा. दुखलं की कुणाकडे तरी जायचं असतं, हे त्याला तुमच्याकडूनच कळायचं आहे. वाईट हेतूच्या माणसाच्या जाळ्यात अडकायचा धोकाही याच मुलांना जास्त असतो. रामकुंडावरच्या नेहमीच्या गर्दीतही, आणि 2027 च्या सिंहस्थात तर नक्कीच, मुलाच्या मनगटावर तुमचा मोबाइल नंबर लिहिलेला पट्टा असू द्या आणि ते तुमच्या अंगाला बांधलेलं किंवा कडेवर असू द्या. हे मूल हरवल्यावर रडणार नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मग कधीतरी चिकटणं सुरू होतं, आणि त्यापाठोपाठ राग: चावणं, वस्तू फेकणं, तेही फक्त आईवर. आईला वाटतं आपलंच काही चुकतंय. ज्या माणसाचा भरवसा वाटतो त्याच्यापुढेच मूल असं मोकळं होतं. अशा वेळी खोलीत कोंडणं, ‘बुवा येईल’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘परत सोडून येईन’ हे गमतीतसुद्धा नको. हाताच्या अंतरावर जमिनीवर बसा, कमी बोला, मारत असेल तर हात हळूच अडवा, ओसरलं की पाणी द्या आणि जवळ घ्या. कारणमीमांसा नंतर, ती पण एका वाक्यात.

तपासण्या

घरी आल्यापासून दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि पुढच्या गोष्टी विचारा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), थायरॉइड, ड जीवनसत्त्व, शौचाची तपासणी, क्षयाची चाचणी, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, सिफिलिस. दीड वर्षाखालच्या मुलात एचआयव्हीची अँटिबॉडी आईकडून आलेली असू शकते. त्यामुळे साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी) झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. लसीकरणाचं कार्ड अर्धवट असेल तर राहिलेल्या लसी डॉक्टरांकडून वेळापत्रकात बसवून घ्या.

कान आणि डोळे आवर्जून. ऐकू कमी येणारं मूल ‘हाक मारली तरी बघत नाही’ म्हणून स्वमग्न ठरवलं जातं. आणि लोह: पहिल्या दोन वर्षांतली लोहाची कमतरता पुढे लक्ष आणि शिकण्यावर परिणाम करते, शिवाय मूल जोमाने वाढू लागलं की लोह आणखी कमी पडतं. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका. लिंबू-मोसंबीसोबत चांगलं शोषलं जातं.

विकासात पिछाडी दिसली तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या या केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा आणि श्रवण यांची सोय एका छताखाली असावी अशी रचना आहे आणि सेवा मोफत आहे. खासगीत जाणार असाल तरी तीन वेगळ्या थेरपी एकाच महिन्यात सुरू करू नका. नवनवीन ताई-दादांच्या हाती रोज मूल देणं म्हणजे संस्थेतली पाळीच पुन्हा सुरू करणं. एक थेरपी, एकच माणूस, आणि तुम्ही त्याच खोलीत बसलेले.

वही

दर तीन महिन्यांनी एकाच तारखेला वजन, उंची, डोक्याचा घेर. घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून, तीनदा घेऊन मोठा आकडा लिहायचा. सोबत एक मिनिटाचा व्हिडिओ: चालणं, बोलणं, खेळणं. वजन आधी सावरतं, मग उंची, डोकं सगळ्यात शेवटी. चालणं-धावणं काही महिन्यांत वर येतं, भाषेला वर्ष-दोन वर्षं लागतात, लक्ष आणि स्वतःवरचा ताबा याहून उशिरा. शेजारच्या मुलाशी तुलना निरुपयोगी. तीन महिन्यांत मूल तीन महिन्यांहून जास्त पुढे गेलं तर भरपाई चालू आहे. तीन महिन्यांत एकाच महिन्याची प्रगती असेल, किंवा आलेले शब्द गेले, तर वाट बघू नका.

पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दत्तक यंत्रणेकडून पाठपुराव्याची भेट होते. घर आवरून, मुलाला नवा ड्रेस घालून ‘सगळं छान’ सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यापेक्षा वही उघडून दाखवा, समुपदेशन तिथूनच मिळतं.

शाळा आणि पुढे

जन्मतारीख अंदाजाची असेल आणि मूल लहानखुरं असेल तर वर्षभर उशिरा घाला. पहिलीत गाडी बरी चालते, अडचण तिसरी-चौथीच्या सुमारास येते, जेव्हा एकदम तीन सूचना लक्षात ठेवाव्या लागतात. ‘वह्या काढा, तारीख घाला, पान 40 उघडा’ यातली पहिली सूचनाच मूल पाळतं. वर्गशिक्षिकेला एका वेळी एकच सूचना द्यायला आणि पुढच्या बाकावर बसवायला सांगा. दत्तकाची माहिती किती द्यायची ते तुम्ही ठरवा, पण पहिलीतल्या ‘माझे कुटुंब’, ‘माझा लहानपणीचा फोटो’ अशा प्रकल्पांबद्दल आधीच बोलून ठेवा. चंचलतेचं निदान करण्याआधी झोप, लोह आणि कान पुन्हा तपासून घ्या. वाचन-लेखनाच्या अक्षमतेची चाचणी साधारण आठ वर्षांनंतर, आणि निदान झालं तर शाळा-बोर्डाकडून जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

दत्तक मुलींमध्ये, विशेषतः कुपोषणानंतर झपाट्याने वाढलेल्या, पाळी लवकर येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. आठ वर्षांच्या आत छातीत बदल, किंवा मुलाच्या बाबतीत नऊच्या आत लक्षणं दिसली तर लगेच हार्मोनतज्ज्ञांकडे जा. उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होतो.

बारा-पंधराच्या वयात लहानपणी नसलेली काळजी, उदासी डोकं वर काढू शकते. रुमानियाच्या मुलांमध्येही ही लक्षणं उशिरा वाढली. तोवर मुलाला आपण दत्तक आहोत हे माहीत असायलाच हवं. तीन वर्षांच्या आधीपासून गोष्टीतून सांगत गेलं तर ‘कळण्याचा दिवस’ असा वेगळा येतच नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मूल स्वतः आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं, त्याआधी पालकांसोबत. त्यासाठी संस्थेचा बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश आणि संस्थेतून आणलेली ती चादर एकाच पेटीत ठेवा. आदेशाची मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पुढे शिक्का-सही तपासताना अडतं. स्कॅन प्रत दोन ठिकाणी ठेवा.